वेशीतली साक्ष

"कानातलं सापडलं! देवाची स्तुती असो!" असं ती उभी राहून म्हणाली आणि तिच्या दिवाणखान्यात बसलेल्या चौदा-पंधरा जणांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. माझे हात मांडीवर तसेच राहिले आणि तळपायाची आग मस्तकाला गेली.

आमच्या ख्रिस्ती लोकांत ह्याला साक्ष देणं म्हणतात. पुण्याच्या वाकडमधल्या आमच्या सोसायटीत दर गुरुवारी संध्याकाळी नवव्या मजल्यावर प्रार्थना सभा भरते. दोन गीतं होतात, शास्त्रपाठ, म्हणजे बायबलचं वाचन, होतो, आणि मग ज्याचं देवानं काही भलं केलं असेल त्यानं उभं राहून सगळ्यांसमोर सांगायचं. पोराला नोकरी लागली, गुडघा बरा झाला, व्हिसा आला, असलं काहीबाही. मला ते ऐकायला आवडायचं. खोटं कशाला बोलू, मीही चारदा उभी राहिलेय. पण त्या गुरुवारी घराची यजमानीणच उभी राहिली, आणि जे बोलली ते आजही आठवलं की जीभ कडू होते.

म्हणाली, "दोन आठवडे सारं घर पालथं घातलं. गाद्या उसवायच्या तेवढ्या राहिल्या होत्या. आणि आज दुपारी पास्टरसाहेबांनी सांगितलेलं वचन काढावं म्हणून शास्त्र हातात घेतलं, कव्हरची चेन उघडली, तर आतल्या कप्प्यात कानातलं! त्या रविवारी उपासनेत कान दुखायला लागला म्हणून मीच काढून ठेवलेलं. बघा, देवाचं वचन उघडलं आणि हरवलेलं सापडलं!"

"आमेन," सगळे म्हणाले. कुणीतरी मागून "केवढं गोड!" असंही म्हणालं.

कप्पाळ गोड! काखेत कळसा आणि गावाला वळसा, म्हणतात ते हेच. दोन आठवडे बाईनं शास्त्राची चेन उघडली नव्हती, हे तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. फोनवर येतं ना रोज वचन, खाली गुलाबाचं चित्र, मग पुस्तक कशाला उघडायचं? बरं, नसेल उघडलं. माझंही कधी राहतं. माझा राग त्याच्यासाठी नव्हता.

माझा राग ज्या बाईसाठी होता ती त्या खोलीत नव्हती. ती आता सोसायटीतच येऊ शकत नव्हती.

ती लातूरकडची, पस्तिशीची, थेरगावात डांगे चौकाच्या मागं एका खोलीत राहणारी. आमच्या इमारतीत पाच घरांत भांडी-फरशी करायची. आमच्याकडेही. नवरा चाकणला एका कंपनीत ठेकेदाराकडं. सकाळी आठला यायची, साडेबाराला बाहेर पडायची. मला सिस्टरबाई म्हणायची, कारण मी एकतीस वर्षं दवाखान्यात नर्स होते आणि अजून सारी सोसायटी मला सिस्टरच म्हणते.

दोन आठवड्यांपूर्वी सोमवारी दुपारी मी भाजी घेऊन परत येत होते. गेटवर दोन वॉचमन, एक सुपरवायझर आणि मधे ती. नवव्या मजल्यावरून इंटरकॉम आलेला, तिला थांबवा म्हणून. सुपरवायझरनं तिची कापडी पिशवी घेतली आणि गेटच्या टेबलावर उलटी केली. झाडली अक्षरशः. डबा पडला, त्यातली अर्धी भाकरी बाहेर आली. कंगवा, गोळ्यांची पट्टी, कुणीतरी दिलेला जुना दुपट्टा. आणि पॅडचं पुडकं. ते फुटलेलं होतं, दोन खाली फरशीवर पडले. तीन पुरुष बघत होते. कामावरून सुटलेल्या दहा-बारा बाया बघत होत्या. ती खाली वाकून ते गोळा करत होती आणि म्हणत होती, "न्हाई हो घेतलं, माझ्या लेकरांची शपथ."

कानातलं मिळालं नाही. ते मिळणार कसं? पण तेवढ्यानं कुणाचं समाधान होतंय?

आणि मी काय केलं? मी पाहिलं. ती माझ्याकडं बघत होती हेही पाहिलं. मग मी लिफ्टकडं गेले. घरी येऊन पाणी प्यायले आणि स्वतःची समजूत घातली, की मला पुरतं माहीत नाही, चौकशी होईल, खरं-खोटं बाहेर येईल. आयुष्यभर परक्या बायांच्या लाजा झाकल्या मी, वॉर्डात चादर धरून उभी राहायचे. तिथं चार पावलं पुढं जाऊन ते दोन पॅड उचलले नाहीत. लिहिताना हात जड होतोय, पण लिहिते.

गेटवर एक टॅब लावलाय. कामाच्या बाया त्यात आपला नंबर दाबतात, फोटो येतो, हिरवा झाला की आत. कुठल्याही एका फ्लॅटनं तक्रार टाकली की फोटो लाल. मग एका घरात नाही, साऱ्या सोसायटीत बंदी. मंगळवारी सकाळी ती आली, नंबर दाबला, लाल झालं. वॉचमन म्हणाला, "ताई, सिस्टीम घेत नाही." नवव्या मजल्यावर एक बोट फिरलं आणि तिची पाच घरं गेली. आमच्याकडं सुनेनं आठवड्यात दुसरी बाई पाहिली. मी तेव्हाही काही बोलले नाही.

तर आता हे सगळं डोक्यात ठेवून त्या साक्षीकडं परत या. टाळ्या थांबल्या. मी बसल्या जागेवरून विचारलं, "मग तिला कळवलंत का?"

"कुणाला?" यजमानीण खरोखरच गोंधळली होती. नाटक नव्हतं ते. तेच जास्त भयंकर.

"जिची पिशवी उलटी केली तिला."

ती हसून म्हणाली, "अहो सिस्टर, मी तर केव्हाच तिला क्षमा केली. प्रार्थनेत नाव घेऊन क्षमा केली. मनात काही ठेवलं नाही मी."

क्षमा! चोरी न करणारीला चोरीची क्षमा! चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, पण अशा भक्तिभावानं मारलेल्या पहिल्यांदाच ऐकल्या. मी उठले. चहा होता, ढोकळा होता, मी काहीही तोंडाला न लावता चपला घातल्या.

हे सांगायला हवं की ती बाई वाईट नाही. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा पंधरा दिवस दोन्ही वेळचा डबा तिनं पाठवला. गळा गोड, हात सढळ. म्हणून तर डोक्यात तिडीक गेली. दुष्ट माणसाकडून दुष्टपणा झाला तर माणूस नुसता थुंकतो आणि पुढं जातो.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मी नेहमीसारखी शास्त्र घेऊन बाल्कनीत बसले. नर्सिंगच्या वसतिगृहापासूनची सवय आहे ही. रोज एक अध्याय, ओळीनं, निवड करायची नाही. आवडता भाग काढून वाचायचा नाही. आमच्या मेट्रन म्हणायच्या, आज जे ताटात पडेल ते खायचं. त्या असंही म्हणायच्या की देवाची आज्ञा पाळण्यात आनंद असतो. पंचेचाळीस वर्षं मी आज्ञा पाळली, मला विचाराल तर ती कडू औषधासारखी पाळली. नाक दाबून, गुण येतो म्हणून. आनंद वगैरे पोरींना गप्प बसवायला सांगतात असंच मला वाटायचं.

त्या दिवशी ताटात संदेष्टे पडले, देवाचा निरोप आणणाऱ्यांची पुस्तकं. देव त्यात फार संतापलेला आहे. म्हणतो, तुमचे सण मला नकोत, तुमच्या गाण्यांचा गोंगाट बंद करा, आधी वेशीत न्याय बसवा. हे मी माझ्या शब्दांत सांगतेय. हा अध्याय मी आयुष्यात बारा-तेरा वेळा वाचला असेल. पण "वेस" ह्या शब्दावर माझं बोट कधी थांबलं नव्हतं, ते थांबलं.

वेस मला चांगली ठाऊक आहे. आमच्या नगरकडच्या गावाला दगडी वेस होती आणि आमची माणसं वेशीच्या बाहेर राहायची. माझा आजोबा तक्रार घेऊन गेला तर वेशीच्या ह्या बाजूला उभा राहायचा, पंच त्या बाजूला पारावर, आणि न्याय व्हायचा तो त्याला ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं सुद्धा कुणी सांगायचं नाही. मग मिशनची शाळा आली, शास्त्र आलं, मी नर्स झाले, मुलगा इंजिनिअर झाला, आणि आता मी अकराव्या मजल्यावर वेशीच्या आत बसून गेटवर कुणाला लाल होतं ते बघत होते. मला स्वतःचाच एवढा राग आला की मी बाल्कनीत मोठ्यानं "अगं बाई!" म्हणाले आणि सून बाहेर आली.

"काय झालं, आई?"

"काही नाही. मी खाली चालले."

सोसायटीचे सेक्रेटरी इथलेच मूळचे. आमची इमारत उभी आहे ती जमीन त्यांच्या वडिलांची. माणूस सरळ, पण पदाला घाबरणारा. ऐकून घेतलं आणि मान खाजवत म्हणाले, "सिस्टर, तुमचं खरं हाय. पर आमी काय करणार? ज्या फ्लॅटनं तक्रार टाकली त्यांनीच ती काडाय पायजे. आमी मधी पडत न्हाई."

मी नवव्या मजल्यावर गेले. तिनं दारातच सांगितलं, "आता कशाला विषय वाढवायचा, सिस्टर? नवी बाई चांगली मिळालीये. आणि तक्रार काढली तर लोक म्हणतील, ह्यांनी उगाच आळ घेतला."

"घेतलाच ना उगाच!"

"तुम्ही रागावलाय. आपण नंतर बोलू." दार लागलं.

मुलगा त्या दिवशी घरून काम करत होता, तो समजवायला बसला. "आई, आपल्याच मंडळीतली बाई आहे. सोसायटीत आपण मोजून सहा घरं ख्रिस्ती. लोक काय म्हणतील? झाकली मूठ सव्वा लाखाची. आपलीच लक्तरं वेशीवर टांगायची का?"

पुन्हा वेस! पहाटे देव म्हणतो वेशीत न्याय बसवा, आणि दुपारी माझा मुलगा म्हणतो वेशीवर काही टांगू नका. त्याला म्हटलं, "राजा, तिचं टांगून झालंय. भाकरीपासून पॅडपर्यंत. ते तू बघितलं नाहीस. आता आपलं टांगायची वेळ आली तर वेशीची आठवण झाली होय?" तो उठून लॅपटॉप उघडून बसला. त्यांच्या पिढीचं ते देवघर आहे.

रिक्षा करून मी थेरगावला गेले. खोली शोधायला वेळ लागला नाही, कारण नळावरच्या बाईला विचारलं तर ती म्हणाली, "कोण, कानातलंवाली?" त्या चाळीतली आणखी एकजण आमच्या सोसायटीत कामाला होती. त्यामुळं बातमी हिच्याआधीच घरी पोचली होती. हिच्या मुलीला शाळेत पोरी तेच म्हणत होत्या.

ती भाकऱ्या करत होती. मला बघून उठली नाही. मी दारातच टेकले आणि सगळं सांगितलं, कव्हर, चेन, कप्पा. ती भाकरी थापत राहिली. मला वाटलं होतं ती रडेल, हसेल, शिव्या तरी देईल.

"मग?" ती म्हणाली.

"मग मी तुझं नाव परत हिरवं करायला लावते. तू कामाला ये."

"काम काय कुटंबी मिळतंय, सिस्टरबाई. चाकणला कंपनीच्या कॅन्टीनात चपात्या लाटायचं बोलणं झालंय. कामून येऊ मी तितं परत?" तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "मला काम नगं. जितं माझी पिशी वतली तितंच बोला म्हणाव. त्याच टायमाला. बाया सुटत्यात तवा. समद्यायनी बघितलंय, समद्यायनी ऐकलं पायजे."

एवढंच तिचं मागणं. मी "बरं" म्हटलं. ती म्हणाली, "च्या ठिवू का?" आणि माझ्या होकाराची वाट न बघता पुन्हा पीठ मळायला लागली. चहा काही तिनं ठेवला नाही, आणि ते मला लागलं नाही. मला तो मिळायलाच नको होता.

सोमवारी बारा वाजता मी घरातली प्लॅस्टिकची खुर्ची लिफ्टनं खाली आणली आणि गेटच्या आत, टेबलाजवळ मांडली. मांडीवर शास्त्र. वॉचमन म्हणाला, "आज्जी, ऊन लागंल." मी म्हटलं, "लागू दे." त्या दिवशीचा अध्याय सकाळी वाचला नव्हता, मुद्दाम खाली वाचायला ठेवला होता. साडेबाराला बाया सुटायला लागल्या. अडुसष्टाव्या वर्षी, भर दुपारी, गेटवर ओरडायचं म्हणजे काय थट्टा आहे?

"बायांनो," मी म्हटलं, "नवव्या मजल्यावरचं कानातलं त्यांच्याच घरात सापडलंय. त्यांच्याच पुस्तकाच्या कव्हरमध्ये होतं. तुमच्या मैत्रिणीनं काही घेतलं नव्हतं."

बायांनी माना खाली घातल्या आणि भराभर निघून गेल्या. कुणी माझ्याकडं बघितलंही नाही. त्यांचं बरोबर होतं. माझ्याकडं बघितलं म्हणून उद्या कुणाचा फोटो लाल झाला तर?

मंगळवारी पुन्हा बसले. पुन्हा तेच बोलले. एकजण जाता जाता हळूच म्हणाली, "खरं का ओ?" "खरं गं, त्यांच्याच तोंडून ऐकलंय." बुधवारी चार-पाच जणी थांबल्या. त्याच दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर आलं की काही ज्येष्ठ नागरिक गेटवर बसून वातावरण बिघडवत आहेत, कुटुंबीयांनी लक्ष द्यावं. मुलगा जेवला नाही. पास्टरसाहेबांचा फोन आला. मऊ आवाजात म्हणाले, "सिस्टर, माणसाच्या रागानं देवाचं काम होत नाही."

"मग तुम्ही न रागावता करा," मी म्हटलं. "या उद्या साडेबाराला. तुम्हालाही खुर्ची आणते."

ते आले नाहीत. पण आमची सून आली. मी तिच्याशी चार दिवस धड बोलले नव्हते, कारण दुसरी बाई तिनंच पाहिलेली. ती घरून काम करते, कानात ते हेडफोन तसेच, खाली आली आणि ताकाचा पेला माझ्या हातात देऊन माझ्या मागं उभी राहिली. ताकात मीठ जास्त झालं होतं.

आता एक गोष्ट सांगते, ती कुणाला पटणार नाही. तिसऱ्या दिवसापासून मला पहाटे साडेतीनलाच जाग यायला लागली आणि कधी एकदा साडेबारा वाजतात असं व्हायचं. राग होताच, चांगला कढत होता, पण त्याच्या खाली काहीतरी खदखदून हसत होतं. लहानपणी शाळेत पहिला नंबर आला की घरी पळत जायचे तसं काहीसं. खुर्चीवर बसून अध्याय वाचायचा आणि त्यात जे सांगितलंय ते समोरच करायचं, मधे जिनासुद्धा नाही! पंचेचाळीस वर्षांत मला हे जमलं नव्हतं. मी वाचायचे पहाटे बाल्कनीत आणि जगायचे दिवसभर दुसरीकडंच. शास्त्रात एके ठिकाणी लांबलचक स्तोत्र लिहिणारा म्हणतो ना, की देवाचे हुकूम त्याला जिभेला गोड लागतात, त्याला मी मनातल्या मनात नेहमी ढोंगी म्हणायचे. त्याची माफी मागितली.

शुक्रवारी नवव्या मजल्यावरची खाली आली. साडेबाराला नाही, सव्वाबाराला, बाया सुटायच्या आधी. डोळे सुजलेले. गुरुवारची सभा तिनं रद्द केली होती.

"सिस्टर, तुम्ही मला बदनाम करताय."

"मी? मी तर तुमचीच साक्ष सांगतेय. तुम्ही दिली तेवढीच. पदरचा एक शब्द घातलेला नाही."

तिनं गेटकडं पाहिलं, बाया अजून सुटल्या नव्हत्या.

"वर पंधरा जणांत सांगताना लाज वाटली नाही, टाळ्या घेतल्या. तीच गोष्ट खाली सांगितली तर बदनामी कशी काय होते? सांगा ना मला. मला अडाणी बाईला समजत नाही."

"मी तिला साडी देते. मी घरी जाऊन माफी मागते."

"साडी नको तिला. घरीही नको. जिथं पिशवी उलटी केली तिथं, त्या वेळेला. एवढंच मागतेय ती."

ती रडायला लागली. इतर वेळी मी तिला जवळ घेतलं असतं. त्या दिवशी नाही घेतलं. मला दया आली नाही असं नाही, पण दया आली की मी ढिली पडते हे मला माहीत आहे, म्हणून खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून बसले. शेवटी ती म्हणाली, "बोलवा तिला उद्या." आणि वर गेली.

शनिवारी ती लातूरकडची आली. अबोली रंगाची साडी, खांद्याला पिशवी. दुसऱ्या शिफ्टला चाकणला जायचं होतं, तशीच तयार होऊन आलेली. गेटच्या बाहेर उभी राहिली. वॉचमननं "या की आत" म्हटलं तर मान हलवली. बाया सुटल्या होत्या, पण घरी कुणी गेलं नव्हतं. तीस-पस्तीस तरी असतील. सेक्रेटरी होते. टेबलाजवळ तो सुपरवायझर उभा होता, बूट बघत. माझा मुलगा शनिवार म्हणून घरी होता, तो येऊन पार्किंगच्या खांबाशी उभा राहिला.

नवव्या मजल्यावरची खाली आली. पुटपुटल्यासारखं म्हणाली, "माझी चूक झाली."

"मोठ्यानं," बाहेरून ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं.

"माझी चूक झाली. कानातलं माझ्याच घरात होतं. मीच ठेवलं होतं. हिनं घेतलं नव्हतं. मी खोटा आळ घेतला." शेवटचं वाक्य तिला कुणी सांगितलं नव्हतं. ते तिनं स्वतःहून म्हटलं, आणि त्या क्षणी माझा तिच्यावरचा राग निम्म्यानं उतरला. सेक्रेटरींनी टॅबवर काहीतरी केलं आणि म्हणाले, "झालं. हिरवं झालं."

मला वाटलं, जिंकलं. छाती भरून आली. मी खुर्चीतून उठले आणि गेटबाहेर तिच्याकडं बघून हसले.

ती हसली नाही. माझ्याकडं बघत म्हणाली, "आता तुमी."

"मी काय?"

"तुमी बी व्हता की तितं. तुमी का न्हाई बोलला तवा?"

पाच दिवस मी त्या गेटवर ओरडत होते. रोज एका बाईची चूक मोठ्यानं सांगत होते, एक दिवसही न चुकवता. माझी एकदाही सांगितली नव्हती. सांगायची आहे हे माझ्या मनातही आलं नव्हतं. तीस-पस्तीस बाया माझ्याकडं बघत होत्या आणि माझा राग, तो सगळा भरभक्कम राग, कुठं गेला कोण जाणे. मुलगा खांबापासून पुढं आला, मी त्याला हातानं थांबवलं.

"मी इथंच होते," मी म्हटलं. "हिची पिशवी ओतली तेव्हा मी बघत होते. ही माझ्याकडं बघत होती. हिनं काही घेतलं नसेल हे मला माहीत होतं, मी हिला दोन वर्षं ओळखते. तरी मी गप्प बसले आणि लिफ्टनं वर निघून गेले. मी भ्याले. माझ्या शेजारणीला वाईट वाटेल म्हणून मी भ्याले. ही खाली वाकून गोळा करत होती, मी वाकले नाही."

शेवटपर्यंत बोलले. मान वर केली तेव्हा अंग हलकं झालं होतं, इतकं की मी खुर्चीची पाठ धरली. आनंद म्हणतात तो हाच असेल तर मेट्रन खरं बोलत होत्या. लाजेनं कान तापलेले आणि आत आनंद, दोन्ही एकाच वेळी.

तिनं पिशवी खांद्यावर नीट केली. मग माझ्याकडं नाही, नवव्या मजल्यावरच्या बाईकडं नाही, सगळ्या बायांकडं वळली.

"ऐकलं का गं?"

"ऐकलं," बाया म्हणाल्या. सगळ्याच्या सगळ्या.

"मग नळावर सांगा," ती म्हणाली, आणि आत पाऊल न टाकता बसस्टॉपकडं चालायला लागली.